सोमवारचा डाव

१९९९ च्या श्रावणात मी सोळा सोमवार धरले. मागणं एकच: आमच्या शाळेचा मुलींचा खो-खो संघ जिल्ह्याला जिंकू दे. मी तिथं शारीरिक शिक्षण शिकवत असे.

दिवसभर उपास, दिवेलागणीला महादेवाची पूजा, चुरम्याचा नैवेद्य. त्यामुळे सोमवारी साडेचारलाच मी घरची वाट धरायची. बाकीचे दिवस मुलींकडून एकेक चाल घोटून घ्यायची. सोमवारी त्या आपसात डाव खेळायच्या आणि शिट्टी आमचे शिपाई महिपतमामा मारायचे.

आठवीतली बकुळा भाटकर भाट्याहून यायची, मासेमारी करणाऱ्या घरातली. सरावात अगदी मंद. खांबापासून खांबापर्यंत नागमोडी पळ म्हटलं की दोन फेऱ्यांत कंटाळायची.

"बकुळे, लक्ष कुठंय?"

"मारायला कोण येतच नाय बाई, तर पळू कशाला?"

मुली खिदळायच्या. मलाही हसू यायचं.

माझ्या कॉलेजच्या वहीत कौशल्यांचे प्रकार लिहिलेले होते. भोवतालचं काही बदलत नाही, खेळाडू आपल्या वेळेनं करतो, ते बंद कौशल्य, गोळाफेक तशी. समोरचा हलेल तसं क्षणात बदलावं लागतं, ते खुलं, खो-खो तसा. संघ निवडण्याआधी प्रत्येकीच्या नावापुढे मी प्रकार लिहायची. बकुळाचे खांदे दणकट. लिहिलं: बंद कौशल्य, गोळाफेक.

यादी लागायच्या आधी कर्णधार रुचिरा तिला हाताला धरून घेऊन आली.

"बाई, हिला सोमवारी बघा. पाठलाग करणाऱ्या साऱ्या जणी दमतात, पण ही हाताला लागत नाही. मामांना विचारा."

"सोमवारी माझं व्रत असतं गं, बाळा."

बकुळा खाली बघत म्हणाली, "बाबा बोललेत, संघात आलीस तर दहावीपर्यंत शाळा. नायतर आईबरोबर कालवं काढायला. एकच सोमवार थांबा ना, बाई."

पंधरा सोमवार झाले होते. पूजेची वेळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "गोळाफेकीतही नाव काढशील हो." सोळावा सोमवार घरी, पाटावर बसून पुरा केला. मंगळवारी यादी लावली.

संघ दुसऱ्याच फेरीत हरला. आमच्या पळणाऱ्या मुली मिनिटभरही टिकल्या नाहीत. गोळाफेकीत बकुळा शेवटून दुसरी आली आणि संक्रांतीनंतर शाळेत दिसली नाही. उद्यापन मी केलं. बोललेलं मोडायचं कसं?

महिपतमामांना मी विचारलं ते त्यानंतर. ते म्हणाले, "पोरगी नऊ मिनिटं नाबाद राहायची, बाई. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

चार वर्षांनी संकष्टीला भाट्याच्या झरीविनायकाचं दर्शन घेऊन परतताना खाडीच्या तोंडाशी ती दिसली. ओहोटी संपत आलेली. पाण्याकडे पाठ करून, वाकून, खडकावरची कालवं ती कोयतीनं फोडत होती. लाट यायच्या आत ती शेजारच्या खडकावर गेलेली असायची. मान वळवत नव्हती. मी किती तरी वेळ बघत उभी राहिले. सोळा सोमवार हे मैदानावर चाललं होतं.

चपला काढून मी खडकांवरून तिच्याजवळ गेले.

"बाई! तुम्ही हिकडं?"

"बकुळे, लाट कळते कशी गं तुला?"

"यायच्या आधी पाणी गप होतं ना." मग जरा हसून, "तुमचे सोमवार पुरे झाले?"

"झाले."

"मग बरं झालं. कालवं देऊ? अगो बाई, तुम्ही खात नाय."

आता मी पूजा उशिरा करते, सोमवारी मैदानावर थांबते, हे तिला सांगायचं होतं. तिला त्याचा काय उपयोग? चूक झाली, हेही म्हणायचं होतं. नुसता प्रसादाचा नारळ पुढे केला.

"बाई, सरा!"

ती कधीच बाजूला झाली होती. मी कमरेपर्यंत भिजले. नारळ हातातून सुटून पाण्यात गेला आणि बकुळा, कोरडी ठणठणीत, मला धरायला हात पुढे करून उभी होती.