हिरीच्या गळ्यातले दावे

मित्रांनो, मी गुरे बांधायचे एक जुने दावे आहे. गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न सालची. त्या आषाढात आंदर मावळात असा पाऊस लागला होता की गुरांना रानात न्यायची सोय नव्हती.

मला वळले ते तिथल्या एका वाडीतल्या कोंडूने. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, भिजवून, ओसरीवर बसून, मांडीवर पीळ देत त्याने मला तयार केले. शेजारी म्हणाले, "कोंडू, ह्ये दावं तुज्या नातवाला पुरंल." मला फार बरे वाटले. पुढे मी त्याच्या तांबड्या गाईच्या गळ्यात राहिले. तिच्या मानेची ऊब मला अजून आठवते.

गाईला एक खोड होती. दावे सैल मिळाले की ती भाताच्या रोपांत तोंड घाली. एका संध्याकाळी कोंडूची आई भागूबाई सुनेवर ओरडली, "हिरे, आखूड बांध तिला! रोपं खाल्ली तर तुलाच चरायला सोडीन." हिरीने मला उताराजवळच्या खुंट्याला आणखी दोन वेढे दिले. सकाळी पाहतात तो गाय चिखलात घसरून उताराकडे लोंबकळत होती. मी तिच्या गळ्यात रुतले होते. ती मेली होती.

वाडीचे पुढारी रखमाजी आबा आले. वाडीचा जुना नियम त्यांना पाठ होता. गळ्यात दावे असताना गाय मेली, तर पाप बांधणाऱ्याचे. त्याने ते दावे आपल्या गळ्यात घालायचे आणि गावोगाव भीक मागायची. बोलायचे नाही. काही हवे असले तर गाईसारखे हंबरायचे. पाप फिटले असे आबा म्हणेपर्यंत.

"बांधली कुनी?" आबांनी विचारले.

"मी," हिरी म्हणाली.

"येवढी आखूड?"

हिरीने सासूकडे पाहिले. भागूबाईने पदर तोंडाला लावला आणि ती पावसाकडे बघत राहिली.

कोंडूनेच मला हिरीच्या गळ्यात बांधले. गाठ त्याने पक्की मारली. त्यांची लहानगी गंगी "आये, आये" करत मागून धावली. हिरीला तिला हाक मारता येईना. ती हंबरली. पोर घाबरून आजीच्या लुगड्यात शिरली.

गाईच्या गळ्यात होते तोवर मला कुणी हसले नव्हते. आता पोरे वेशीवर वाट बघत. "हंबर, मग भाकर!" ती हंबरली की म्हणत, "आसं न्हाई, मोठ्यांदा!" एका गावात एका बाईने तिच्यापुढे गवताची पेंडी टाकली. "गाय मारलीस न्हवं? आता तिचा चारा तूच खा." बायका पोट धरधरून हसल्या. हिरीने ती पेंडी उचलून कपाळाला लावली आणि पुढे चालू लागली.

पावसात भिजून मी आवळत गेले. तिच्या मानेवर जखम झाली. दसऱ्याला ती वाडीच्या वेशीवर जाऊन उभी राहिली. आबा म्हणाले, "गाय व्हती ती, कोंबडी न्हवं. फीर आजून."

थंडीच्या तोंडाला ती चालत लोणावळ्याला आली. रेल्वे लाइनीपलीकडे ख्रिस्ती मंडळीचा एक लहान दवाखाना होता. तिथे लीलाबाई नावाच्या नर्स होत्या. दारात हंबरणे ऐकून त्या बाहेर आल्या. दवाखाना झाडणारा हौशीराम म्हणाला, "बाई, ती बोलायची न्हाई. आमच्याच मावळातली हिरी हाय. गायमारी!"

"तू तुझा कोपरा झाड," लीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी मला सोडले, जखम धुतली, मलम लावले, भात वाढला. हिरी जेवली आणि मला पुन्हा गळ्यात घालून बसली. असे रोज होऊ लागले. लीलाबाई रोज सांगत, "अगं, तुझी शिक्षा येशूनं भोगली. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा देवाच्या घरी नसते." हिरी सगळे ऐकून घेई, आणि तिचा हात माझ्याकडे येई.

मग एका बाजाराच्या दिवशी लीलाबाईंनी मला सोडले आणि स्वतःच्या गळ्यात बांधले. पांढऱ्याशुभ्र पातळावर मी चिखलाने माखलेले दावे! "चल," त्या म्हणाल्या, "मीठमिरची आणू."

सगळा बाजार थांबला.

"आरं, नर्सबाईनं गाय मारली!"

"मारली न्हाई, खाल्ली आसंल! किरिस्ताव हाय ती!"

एकाने सडका टोमॅटो फेकला. पोरे ओरडली, "बाई, हंबरा की!" सगळ्या गावाला औषध देणाऱ्या त्या बाई भर बाजारात उभ्या राहिल्या आणि हंबरल्या.

तेव्हा हिरी बोलली. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज गंजल्यासारखा निघाला. "बाई, काढा त्ये! त्ये माजं हाय!"

"तुझं होतं," लीलाबाई म्हणाल्या. "आता माझ्या गळ्यात आहे. एक दावं दोन गळ्यांत कसं बसेल?"

हिरी मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसली आणि हमसून हमसून रडली.

लीलाबाईंनी मला काढून तिच्याकडे दिले. ती मला हातात घेऊन वाडीला गेली, मुलीला आणायला. आबा म्हणाले, "मी सोडल्याबिगर काडलंस? मग पाप हाय तसंच हाय." भागूबाईने गंगीला आत ओढले आणि कडी घातली. कोंडू बाहेर आलाच नाही. हिरी संध्याकाळपर्यंत दारात गंगीला हाका मारत बसली. मग दवाखान्यात परतली आणि तिथेच कामाला राहिली.

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण दवाखान्याशेजारी प्रार्थनेची खोली होती आणि तिथले उपदेशक याकोब मास्तर मोठे उत्साही होते. त्यांनी मला खोलीत खिळ्याला टांगले. दर वर्षी पुण्याचे पाहुणे आले की ते मला हिरीच्या हातात देत. "सांग, तू केवढी पापी होतीस." हिरी सांगे. पाहुणे डोळे पुसत. मला तिच्या हातांचा गारवा कळे. त्या दिवशी ती जेवत नसे, आणि तिचा हात सारखा मानेकडे जाई.

तिसऱ्या वर्षी तिने मला हातात घेतले नाही. "मास्तर, द्येवानं पाप पुसलं म्हंता. मग दरसाल तुमी कशापायी लिवता?"

"अगं, पाहुण्यांना कृपा कळावी म्हणून."

"कृपा कळाया मला पुन्यांदा बांधाय लागतं व्हय?"

मागच्या ओळीत लीलाबाई मोठ्याने हसल्या. मास्तरांना राग आला. हिरीने मला खिळ्यावरून काढले, दवाखान्यामागे दोन खांबांना बांधले आणि धुतलेली बँडेजे माझ्यावर वाळत घातली. तिथेच मी पुढची वर्षे काढली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून मला सगळ्यांचे कळत गेले.

रखमाजी आबा म्हातारपणी आंधळे झाले. वाडीत त्यांना कुणी विचारीनासे झाले. कोंडूने दुसरे लग्न केले. याकोब मास्तरांची बदली झाली. जाताना ते हिरीशी बोलले नाहीत. भागूबाईला एकाहत्तर साली झोळीत घालून याच दवाखान्यात आणले. हिरीच्या हातचे पाणी ती शेवटपर्यंत प्याली नाही. हिरी तिची घाण काढत राहिली आणि गाय बांधली त्या संध्याकाळबद्दल तिने एक शब्द काढला नाही. गंगीला आई मेली असेच सांगितले होते. तिचे लग्न सुदुंबऱ्याला झाले. हिरी एकदा तिच्या दारापर्यंत जाऊन आली. गंगीने तिला भिकारीण समजून भाकरी दिली. हिरीने ती वाटेत खाल्ली. लीलाबाई त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांची खोली हिरीला मिळाली. तिथे ती गंगीसाठी रडे, पण गाईसाठी पुन्हा कधी रडली नाही.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला जपू नका. कुणाच्या गळ्यातून दावे निघाले, तर ते आठवणीसाठी ठेवू नका, दाखवायला टांगू नका. चुलीत घाला. अंबाडी छान पेटते.