शेवटच्या खेपेची जोडी

शहादेवनं उसाच्या हिरव्या वाढ्याला पीळ दिला, गुडघा रोवून मोळी आवळली आणि उठता उठताच ती डोक्यावर घेतली. युसूफ वडगावच्या शिवारातल्या त्या फडात आता उभा ऊस उरला नव्हता. राहिलं होतं पाचट, आणि त्यावर नाचणारी माणसं. कुणीतरी हलगी गरम करून आणली होती. ट्रॉलीला उसाच्याच पानांची तोरणं बांधली होती आणि ड्रायव्हर पाशा हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

"बायल्या, पाय उचल बे! कारखान्यावर लाईन लागली तर मुक्काम तिथंच."

"तू तुझी ट्रॉली बघ, पाशाभाई. मागच्या खेपेला पिन तुझी निसटली, माझी मोळी न्हाई सुटली."

सगळे हसले. शहादेव फळीवरून चढून वर गेला आणि हंगामातली शेवटची मोळी त्यानं ट्रॉलीच्या माथ्यावर बसवली. खाली राधाकिशन कोयत्याचं पातं पुसत उभा होता. दोघांची नजर भेटली. राधाकिशननं नेहमीसारखी लगेच खाली घेतली.

दुष्काळानं निम्मा ऊस जागेवरच वाळला होता, त्यामुळे यंदा कारखान्याचा पट्टा लवकर पडत होता, हंगाम आधीच संपत होता. पण आष्टीकडची ही टोळी आज त्याचं दुःख करायला तयार नव्हती. शेवटची खेप म्हणजे गुलाल, हलगी, आणि टोळीत सर्वांत जास्त ऊस तोडलेल्या कोयत्याच्या हातून नारळ. कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघांचा मिळून एक कोयता. कारखान्याकडून त्या जोडीला मानाचा फेटा आणि पातळ मिळायचं.

राधाकिशनची बायको वारली तेव्हा तो अर्धा कोयता राहिला होता. त्या हंगामात गावातल्या शहादेवला त्यानं सोबत आणलं. शहादेवला लहानपणापासून बायल्या म्हणत. डोक्यावर घागर घ्यायचा, भाकरी थापायचा, आणि लग्नाचा विषय निघाला की घरातून निघून जायचा. टोळीचा मुकादम आप्पा तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "अर्धा गडी अन् एक बायल्या, झाला एक कोयता!" हसून हसून लोकांनी फडात लोळण घेतली होती.

मग वर्षं गेली. शहादेवनं बांधलेली मोळी ट्रॉलीतून खाली फेकली तरी सैल पडत नाही, हे शेजारच्या टोळ्यांनाही कळलं. घट्ट मोळीला लोक बायल्या मोळी म्हणू लागले. नव्या सुना बांधणी शिकायला त्याच्याकडे येऊ लागल्या. टोळीतली साखराबाई तर तिच्या पहिल्या हंगामात तान्हं लेकरू त्याच्या झोळीत टाकून निर्धास्त कामाला जायची. हाक तीच राहिली, पण हाक मारणाऱ्यांचं तोंड आता वाकडं होत नव्हतं.

एक मात्र तसंच राहिलं होतं. तो शब्द फक्त शहादेवचा होता. दोघांची पाचटाची एकच कोपी, एकच चूल, एकच वाकळ. तरी राधाकिशन हा राधाकिशनच. कुणी चेष्टेनं विचारलंच तर तो म्हणायचा, "माझ्या कोयत्यावर हाय त्यो, बस." शहादेव चुलीपाशी बसून ते 'बस' ऐकायचा आणि भाकरी उलटायचा.

आप्पा ट्रॅक्टरच्या चाकावर चढला. हलगी थांबली.

"औंदा पयला कोयता," आप्पानं उगाच खोकून वेळ काढला, "राधाकिशन अन् आपला बायल्या!"

बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या बांधावरचे बैल बिथरले. गुलालाची मूठ शहादेवच्या तोंडावर बसली. राधाकिशन चार पावलं लांब उभा होता. इतक्या लोकांसमोर तो जोडी म्हणून शेजारी येईल का, एवढंच शहादेवला बघायचं होतं.

साखराबाई पदराखालून काहीतरी लपवत पुढं आली.

"दादा, डोळे मिटा."

"आगं, गुलालानं मिटल्यातच की."

तिनं त्याच्या हातावर हिरवंगार इरकल पातळ ठेवलं. काठ लाल, पदर रुंद.

"कारखान्याचं लई जाडंभरडं हुतं. आप्पाकडनं आदीच कळलं हुतं, म्हून आमी बायांनी केजच्या बाजारात बदलून आणलं. तुमच्यासाठी चांगलंच पायजे." तिचे डोळे भरले होते. "नेसा, दादा. कोण हसत न्हाई आता. हसला तर मी हाय."

बाया एकमेकींना धरून उभ्या होत्या. शहादेवनं पातळावरून हात फिरवला. इतकं मऊ कापड त्याच्यासाठी कुणीच आणलं नव्हतं. नेसलं असतं तर सगळी टोळी आनंदानं वेडी झाली असती. त्याचा हात काठापाशी थांबला.

"साखरे, लई भारी हाय गं," तो म्हणाला. "पण मी बायल्या हाय, बाई न्हाई. मला बी फेटाच बांधा."

साखराबाईनं आधी पातळाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"म्हंजे?" आप्पा चाकावरून खाली उतरला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एवढी वर्षं ज्या रस्त्यानं गेलो तो भलतीकडंच जातो, असं कळलेल्या माणसाचा तो आवाज होता. "मग बायल्या म्हंजे तरी काय रं? अन् ह्यो राधाकिशन? ह्यो कोण?"

शहादेवनं मान खाली घातली. राधाकिशनचं ते नेहमीचं उत्तर त्याला पाठ होतं.

राधाकिशननं कोयता पाचटावर ठेवला. "त्यो जे हाय," तो म्हणाला, "त्येच मी." मग तो आप्पाकडं वळला. "दुसरा फेटा हाय का बगा, आप्पा."

"हाय का म्हंजे?" पाशा वरून ओरडला. "आप्पाच्या डोक्यावर काय हाय? काढा की! कावून टाइम घालवता?"

आधी साखराबाई हसली, मग सगळेच. आप्पानं शिवी हासडली, डोक्यावरचा फेटा सोडला आणि कपाळावर पांढरा पट्टा उमटलेल्या बोडक्या डोक्यानं स्वतःच्या हातांनी शहादेवला बांधायला घेतला. पातळ साखराबाईच्या खांद्यावर आलं, कुणी टाकलं ते तिलाही कळलं नाही.

ट्रॉलीच्या चाकाला हळदकुंकू लागलं. आप्पानं सवयीनं नारळ राधाकिशनच्या हातात दिला. जोडीच्या पूजेत नवरा नारळ धरतो आणि बायको आपली बोटं त्याच्या उजव्या हाताला लावते. राधाकिशन क्षणभर नारळाकडं बघत राहिला. मग तो त्यानं शहादेवच्या हातात ठेवला, त्याच्या उजव्या बाजूला सरकला आणि आपली चार बोटं शहादेवच्या उजव्या हाताला लावली.

"पाणी धरा, पाणी धरा! सांडू नका!" बाया ओरडल्या. कुणीतरी तांब्या पुढं केला, नारळ फुटला, हलगी पुन्हा कडाडली आणि पाशानं गियर टाकला. ट्रॅक्टर बांधावरून डुलत निघाला, माणसं मागं नाचत निघाली. राधाकिशनची बोटं अजून तिथंच होती.