कारणाचा रकाना

आर्डिस ग्रूबरच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती: पक्ष्यांच्या घरट्यासाठी लावायच्या लाकडी पेटीच्या भोकाखाली काडी ठोकणारी आणि न ठोकणारी. काडी ठोकणाऱ्यांना ती मूर्ख म्हणायची, तेही तोंडावर. ब्लूबर्डला, त्या इवल्या निळ्या पक्ष्याला, दारात बसायला काडी लागत नाही. ती लागते चिमण्यांना, आणि चिमणी एकदा आत शिरली की बिचाऱ्या निळ्या मादीचं डोकं फोडून तिच्याच अंगावर घरटं रचते. एवढं ज्याला कळत नाही त्यानं हातोडीला हात लावू नये, असं तिचं मत होतं.

मत मांडायचा तिला अधिकारही होता म्हणा. चौतीस वर्षं ती कुरणांच्या कुंपणांवर आणि दफनभूमीच्या कडेनं पेट्या लावत आली होती. गावकऱ्यांच्या पेट्याही तिच्याच नोंदवहीत असत. दर पेटीपुढं किती अंडी, किती पिल्लं, किती उडाली, आणि मेली असतील तर शेवटच्या रकान्यात कारण. दर ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात भोपळ्याचं गोड पक्वान्न खाता खाता ती ही कारणं मोठ्यानं वाचून दाखवी. साप, अंडीचोर रकून, थंडी, आणि सगळ्यात जास्त वेळा ‘मालकाचा मूर्खपणा’. लोक पोट धरून हसत. ज्याचं नाव निघे तो ताटलीत बघत बसे.

असल्या गावात कोलंबस शहरातून केंडल प्रेंटिस राहायला आला. आयुष्यभर लोकांचे दात काढून निवृत्त झालेला, मऊ हातांचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं स्वतः बनवलेली पेटी बघून आर्डिसला शिसारी आली. पिवळा रंग, त्यावर सूर्यफुलं, आणि भोकाखाली छानपैकी गुळगुळीत काडी!

“दात उपटायचात ना डॉक्टर?” ती म्हणाली. “मग हीही उपटा.”

त्यानं निमूटपणे उपटली. जाताना तिनं पेट्यांची निगा सांगणारं आपलं छापील पत्रक त्याच्या हातावर आपटलं आणि वाचता येत असेल तर वाचा म्हणून सांगितलं.

त्या एप्रिलात मात्र घात झाला. झाडं फुलल्यावर तीन दिवस बर्फाळ पाऊस कोसळला आणि पेट्यांमधले निळ्या पक्ष्यांचे जोडे गारठून मेले. आर्डिसनं एकेक पेटी उघडून ते हातानं बाहेर काढले. रडली नाही; वहीत एकेका पेटीपुढं ‘थंडी’ लिहीत गेली. आणि मे महिन्यात, कुठून कोण जाणे, उरलेला एकच जोडा आला तो त्या सूर्यफुलांच्या पेटीत! पाच अंडी घातली, पाचही उबून पिल्लं बाहेर आली. साऱ्या परिसरात त्या वर्षीची तेवढीच पिल्लं. आर्डिसचा जीव जळला, आणि त्या पाचांतच अडकूनही बसला.

नेमका तेव्हाच गुडघा सुजला आणि ती दोन आठवडे खुर्चीला खिळली. जरा उभं राहता येताच काठी घेऊन ती डॉक्टरच्या अंगणात हजर. घरट्यात माश्यांच्या अळ्या होतात, त्या पिल्लांचं रक्त पितात. ह्या माणसाला काय कळणार त्यातलं?

“मिसेस ग्रूबर, आज उघडू नका,” केंडल म्हणाला. “पिल्लं अंड्यांतून निघाल्याचा पंधरावा दिवस आहे. मी रोज लिहून ठेवलंय.”

“तुम्ही लिहिलंय? मग फार तर दहावा असेल.”

“तेराव्या दिवसानंतर उघडली तर पिल्लं घाबरून वेळेआधी उड्या मारतात. तुमच्याच पत्रकात आहे ते.”

“माझं पत्रक मला शिकवू नका.”

तिनं खिळा सरकवला आणि बाजूची फळी उघडली.

आत पाच पूर्ण पिसांची पिल्लं होती. दिवस पंधरावाच होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. फळी लोटायला तिचा हात वर गेला, पण तोवर पाचही फडफडत बाहेर पडली होती आणि गवतात जाऊन आदळली होती. आर्डिसला गुडघे टेकता येईनात. ती काठीवर उभी राहून नुसती बोटानं दाखवत राहिली. केंडल गवतात रांगत होता. त्यानं एकेक पिल्लू त्या मऊ हातांनी उचललं, पेटीत ठेवलं, फळी लावली आणि भोकात रुमाल कोंबला, आतली शांत होईपर्यंत. हेही पत्रकातलंच. चार सापडली. पाचवं कुंपणाखालून शेजारच्या मांजरानं उचललं, दोघांच्या डोळ्यांदेखत.

अर्ध्या तासानं त्यानं रुमाल हळूच काढला. मादी तोंडात अळी घेऊन आली आणि आत गेली.

आर्डिस पायरीवर बसली. तिनं वही उघडली. पाच पिल्लं निघाली, चार उरली. पेन शेवटच्या रकान्यापाशी थांबलं.

“साप लिहा,” केंडल हळूच म्हणाला. “मी कोणाला सांगणार नाही.”

“साप चार मागे ठेवून जात नसतो, डॉक्टर. एवढंही ठाऊक नाही?”

सवयीनं तिनं ‘मालकाचा मूर्खपणा’ लिहिलं. मग ‘मालकाचा’वर काट मारून वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि वही त्याच्या मांडीवर टाकली.

“ऑक्टोबरात तुम्ही वाचायचं,” ती म्हणाली. “आणि मोठ्यानं. मागच्या बाकांपर्यंत गेलं पाहिजे.”