नाचघराची जमीन हलते

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. साधीसुधी नव्हे, नाचघराची. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गोड गोड बोलतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही, कारण मी संतापले आहे. सोमवारी सकाळी कामगार येऊन माझ्या पोटात सिमेंट ओतणार आहेत, आणि तेही म्हणे माझ्याच भल्यासाठी.

तुम्ही म्हणाल, जमिनीला कसलं आलंय पोट? मला आहे. ज्या मिस्त्रीने मला घडवलं, त्याने आधी खाली लोखंडी स्प्रिंगा बसवल्या, त्यांच्यावर दांडे टाकले आणि दांड्यांवर कडक लाकडाच्या चिंचोळ्या पट्ट्या ठोकल्या. खाली हातभर पोकळी ठेवली. माणसाने पाऊल टाकलं की मी केसभर खाली जायचे आणि लगेच त्याला वर उचलायचे. काम संपलं त्या दुपारी मिस्त्रीने एका कोपऱ्यात पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उड्या मारायला लागला. त्याची बायको डबा घेऊन आली होती. तिला वाटलं, नवऱ्याचं डोकं फिरलं. त्याने तिला पेल्याजवळ बसवलं आणि सांगितलं, "पाणी हललं पाहिजे, पण सांडता कामा नये." पाणी हललं, सांडलं नाही. पहिल्याच दिवशी मी परीक्षा पास झाले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आले माझे कामाचे दिवस. संध्याकाळी पाचला नाच सुरू व्हायचा. चौदा वादकांचा बँड होता. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम, आणि सगळ्यांच्या मागे माणसापेक्षा उंच असा चार तारांचा डबल बेस. लोक कामावरून थेट यायचे. नर्स, शिंपी, कारकून, टेलिफोन ऑफिसातल्या मुली. दारात बाहेरचे जोडे काढून नाचाचे जोडे घालायचे, हा इथला कडक नियम होता. मी माणसं टाचांवरून ओळखते. एक टेलिफोनवाली होती, तिची डावी टाच नेहमी तालाच्या किंचित आधी पडायची. काही जणांना नाच जमायचा नाही, ते माझ्यावर खेकसायचे. म्हणे फारच गुळगुळीत आहे, म्हणे फार हलते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मी कधी मनावर घेतलं नाही.

माझी देखभाल करणाऱ्याला सगळे मेणकाका म्हणत. रोज दुपारी तो माझ्यावर मेणाचा कीस भुरभुरायचा. मग एक जाड कांबळं पसरायचा आणि त्यावर बेस वाजवणाऱ्या जाड्याला बसवून खोलीभर ओढत न्यायचा. मेण लाकडात मुरायला वरून वजन लागतं, आणि वजनाच्या बाबतीत जाड्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तो मांडी घालून राजासारखा बसायचा आणि मेणकाकाला म्हणायचा, जरा हळू, दुपारचं जेवण वर येतंय. आठ फेऱ्या झाल्या की मी उजळून निघायचे.

या जाड्याने मला एक भोक पाडलं. बेसच्या तळाला लोखंडी अणी असते, ती जमिनीत रोवून वाजवावं लागतं. तो रोज एकाच जागी उभा राहायचा. वर्षामागून वर्षं गेली आणि ती अणी माझ्या पट्टीतून आरपार गेली. मालकाच्या कानावर गेलं तेव्हा त्याने आकांडतांडव केलं आणि मेणकाकाला भोक बुजवायला फर्मावलं. मेणकाकाने मान डोलावली आणि काहीही केलं नाही. कारण त्याला जे कळलं होतं ते मालकाला कळणारं नव्हतं. अणी भोकात असली की बेसचा आवाज माझ्या पोटात उतरायचा आणि नाचणाऱ्यांच्या तळपायांतून वर चढायचा. बहिरा माणूससुद्धा माझ्यावर ताल धरू शकत होता. आणि मालक? तो कधी दाराच्या आत आला नाही. त्याला बूट काढायचा कंटाळा होता.

पुढे काळ बदलला. आठवड्यातले काही दिवस चौदा माणसांऐवजी एक यंत्र गाणी वाजवू लागलं, मग लोकच येईनासे झाले. एका दुपारी बँडवाले आले तर दारावर नाचघर बंद झाल्याची चिठ्ठी डकवलेली होती. तोंडाने सांगायचीही कुणाला गरज वाटली नाही. तेरा जण निघून गेले. मेणकाका मात्र मागच्या दाराने आत आला आणि नेहमीप्रमाणे मेण किसू लागला. जाड्याने विचारलं, आता कशासाठी? मेणकाका म्हणाला, "लोक नसले तरी ही आहे ना. बस कांबळ्यावर." त्या दिवशी त्याने आठच्या जागी वीस फेऱ्या मारल्या.

नंतर मी काय काय सोसलं! माझ्यावर खतांची पोती रचली. मग कुठल्याशा कचेरीने गालिचा चिकटवला आणि त्याखाली मी कित्येक वर्षं डिंकाच्या वासात पडून राहिले. मेणकाका केव्हा गेला ते मला कळलंसुद्धा नाही. पण खरं सांगते, त्या काळात मला वाईट वाटायचं, राग येत नव्हता. राग आता येतो, माझं कौतुक सुरू झाल्यापासून.

मालकाच्या नातवाने गालिचा उपटला आणि मला पाहून टाळ्या वाजवल्या. त्याने इथे हॉटेल काढायचं ठरवलं, जुन्या सोनेरी दिवसांच्या आठवणीसाठी. माझ्यावर काचेसारखं जाड रोगण चढवलं. टेबलं स्क्रूने माझ्या अंगात पिळली. भोक लांबीने, म्हणजे सुतारांच्या लुकणाने, बुजवून वर रंग मारला. भिंतीवर आजोबांची भली मोठी तसबीर लावली आणि खाली लिहिलं, या नाचघराचे शिल्पकार. मिस्त्रीचं नाव कुठेच नाही. मेणकाकाचंही नाही. आणि दारात पाटी लागली: 'ऐतिहासिक जमीन. कृपया नाचू नये.' नाचघराच्या जमिनीवर नाचू नये! पडून होते तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता श्वास चालू असताना फोटोला हार!

उद्घाटन गेल्या रविवारी दुपारी झालं. बँडमधला एकच माणूस हयात होता, त्याला बोलावलं. जाड्या आला. ऐंशी ओलांडलेला, पार वाळून गेलेला. मी त्याला वजनावरून नाही, पाऊल फरपटायच्या सवयीवरून ओळखलं. बरोबर त्याची सून होती, बेस तीच उचलून आणत होती. भिंतीवर 'आमचा बँड' म्हणून एक मोठा फोटो होता. जाड्याने तो बराच वेळ न्याहाळला आणि सुनेला हळूच सांगितलं की यातला एकही माणूस आमचा नाही. दुसऱ्याच कुठल्या बँडचा फोटो चांगला आला होता म्हणून तो लावला होता.

नातू हसत आला. "आजोबा, वाजवायची तसदी नको. गाणं आम्ही लावतो, तुम्ही नुसते हात हलवा. फोटो काढायचेत."

जाड्याने मान डोलावली, मेणकाका मालकापुढे डोलवायचा अगदी तशी. तो आपल्या जागेवर गेला. अणी टेकवली तर ती रोगणावरून सटकली. सून धावली, "बाबा, सांभाळा." त्याने जागा बोटांनी चाचपली. त्याला लांबीचा खरबरीतपणा लागला. त्याने त्यावर अणी ठेवली आणि अंगात उरलंसुरलं होतं तेवढं वजन टाकलं. मित्रांनो, मी एवढंच केलं की लांबीला धरून ठेवलं नाही. ती कडकन फुटली आणि अणी आत गेली.

मग त्याने खरंच वाजवलं. यंत्राच्या गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. कित्येक वर्षांनी माझ्या पोटात आवाज उतरला. मागून एक म्हातारी उठली, जोडे काढून अनवाणीच आली, आणि तिची डावी टाच तालाच्या किंचित आधी पडली. जाड्याच्या सुनेने तिचा हात धरला. दोघी जेमतेम दहा पावलं नाचल्या असतील, तोवर वेटरने पाटीकडे बोट दाखवलं.

नातवाचं लक्ष भलतीकडेच होतं. तो टेबलांवरच्या पेल्यांकडे बघत होता. प्रत्येक पेल्यातलं पाणी हलत होतं. एकाही पेल्यातून थेंब सांडला नव्हता. तो घाबरून म्हणाला की जमीन हलते, कुणाला इजा झाली तर आपण गोत्यात येऊ, खाली सिमेंट भरून घ्या.

जाड्याने बेस सुनेच्या हातात दिला. "अरे, हलते म्हणूनच ती नाचघराची. न हलणाऱ्या जमिनीला रस्ता म्हणतात."

नातवाने ते लिहून घ्यायला सांगितलं. भिंतीवर लावायला वाक्य छान आहे म्हणाला. सिमेंटचं काम मात्र त्याने परवाच्या सोमवारवर टाकलं.

काल मुकादम बघायला आला होता. सिमेंट आत सोडायला वाट हवी होती. ठोकत ठोकत तो जाड्याच्या भोकापाशी पोहोचला, आत बोट घालून पाहिलं आणि भोवती खडूने गोल काढला. आयती वाट आहे, म्हणाला. मी जी जागा जाड्याला करून दिली, तिथूनच ते मला मुकी करणार. तरी मला पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लांबी सोडेन.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची रीत आहे. मी नाही सांगणार. जपण्यापायीच माझी ही दशा झाली. तुमच्या घरी जुनी पेटी असेल तर ती वाजवा. जुनी सायकल असेल तर दामटा. झिजली तर झिजू द्या, घडवणाऱ्याने ती त्यासाठीच घडवलेली असते.

आज शनिवार आहे. मागच्या गल्लीतल्या दाराची कडी अजून नीट लागत नाही. पाटीकडे बघू नका. एक पेला पाण्याने भरून कोपऱ्यात ठेवा, दुसऱ्या कोपऱ्यात जा आणि उड्या मारा. पाणी हलेल, पण सांडणार नाही.