दादासाहेबांच्या नावानं

दुसऱ्याच्या तोंडानं गोड बोलायचा पगार विजयश्रीला मिळत होता. पुनावळ्यात हायवेलगत, टायरच्या दुकानाच्या वर गणराजची डिजिटल मार्केटिंगची एजन्सी होती, आणि हिंगोलीहून आलेली ही पोरगी तिथं सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. बोली याच महिन्यात संपत होती. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे दादासाहेबांच्या मर्जीवर होतं, कारण एजन्सीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच.

दादासाहेब मूळचे महाळुंग्याचे. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा आलेला पैसा गाड्याघोड्यांत न उडवता त्यांनी लाकडी खोकी बनवायचा कारखाना टाकला. माणूस कामाचा, पण फोनवर त्यांचं बोट चालायचं ते नंबर लावण्यापुरतं. म्हणून त्यांचे थोर विचार विजयश्री लिहायची. ‘कामगार हेच माझं कुटुंब’ असलं काहीबाही. या कुटुंबाशी ते कारखान्यात कसल्या भाषेत बोलतात हे तिनं एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, पण ते फेसबुकवर टाकायचं नसतं एवढी अक्कल तिला होती.

गणराजचा एक नियम होता. रोज सकाळी गिऱ्हाइकाच्या नावानं आसपासच्या उद्योजकांच्या पोस्टखाली चार गोड शब्द टाकायचे. आपण त्यांच्या दारात गेलो की ते आपल्या दारात येतात, असं त्याचं शास्त्र. त्या सकाळी विजयश्रीला यशवंतरावांची पोस्ट दिसली. चाकण रस्त्याला त्यांनी मालट्रकांचा नवा वजनकाटा टाकला होता आणि हार घातलेल्या पाटीशेजारी फेटा बांधून ते ताठ उभे होते. आडनाव दादासाहेबांचंच, पण गावातल्या निम्म्या पाट्यांवर तेच आडनाव, त्यात काय नवल! तिनं दादासाहेबांच्या नावानं लिहून टाकलं, ‘एकाच मातीतली माणसं पुढं जाताना पाहून ऊर भरून येतो. तुमच्याकडून खूप शिकलो. लवकरच भेटू.’ आणि डबा खायला गेली.

परत येते तर गणराज डोक्याला हात लावून बसलेला.

“विजू, काय करून ठेवलंस हे? अगं, चुलत भाऊ आहेत ते!”

“मग चांगलंच की.”

“कसलं चांगलं? बांधावरून भांडण झालेलं. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. देवळात पंगतीला एक बसला तर दुसरा पानावरून उठतो. सगळ्या गावाला माहीत आहे.”

विजयश्री गोंधळली. गावाला माहीत असेल, हिंगोलीला कुठून माहीत असणार? गिऱ्हाईक घेताना गणराज ढीगभर प्रश्न विचारायचा, आवडता रंगसुद्धा विचारायचा, पण तुमचं कुणाशी वाकडं आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि ज्या बांधावरून भांडण, तो बांध तरी कुठं होता? तिथं आता एका कंपनीची भिंत होती. बांध गेला, भांडण राहिलं.

तेवढ्यात फोन टिणटिणला. यशवंतरावांचं उत्तर आलं होतं. ‘व्हय. कवा येतोस?’

“मेलो,” गणराज म्हणाला. “कॉमेंट उडव. अकाउंट हॅक झालं होतं म्हणून टाक. दादासाहेबांनाही तेच सांगायचं. नाहीतर तुझं काही मला सांभाळता येणार नाही बघ.”

तिचं बोट फोनवर अडून राहिलं. यशवंतरावांनी हा प्रश्न विचारलाय कुणाला? दादासाहेबांना, पण ते तर काही बोललेच नव्हते. बोलली ती, पण तिला यशवंतराव ओळखतही नव्हते. मग आता उत्तर कुणी द्यायचं? तिला काही उमजेना. एवढंच कळत होतं की कुणी ‘कवा येतोस’ विचारलं असताना आतून दार लावून घेणं बरं नव्हे.

ती ठरवते न ठरवते तोच दादासाहेबांचा सांगावा आला. आत्ताच्या आत्ता महाळुंग्याला या. गणराजला नेमकी दुसरी मीटिंग आठवली. ती एकटी गेली.

दादासाहेब कारखान्याच्या दारातच उभे होते. “मी कवा म्हनलो भेटू? आँ? सकाळपास्नं निम्म्या गावाचं फोन. म्हनत्यात, दादासाहेब वाकला!”

हॅक, एवढा एक शब्द म्हटला असता तर नोकरी वाचली असती. तो तिच्या जिभेवर आलाही होता.

“मी लिहिलं साहेब,” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं.”

दादासाहेबांनी मग जे तोंड सोडलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. कारखान्यातल्या करवतीसुद्धा थांबल्या. शेवटी ते म्हणाले, “चल. बस गाडीत. त्येच्या तोंडावर सांग, ह्यो दादासाहेबाचा शब्द न्हाई म्हनून. मग तुज्या नोकरीचं बघू.”

वजनकाट्यापाशी त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. इंजिन चालू, काचा वर, नजर समोर. विजयश्री एकटीच उतरली. यशवंतराव काट्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. फोटोतल्यापेक्षा बरेच थकलेले दिसत होते. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“दाद्या माजं कवतिक करंल व्हय? ल्हानपनी मी भरली हीर पवून गेलो, तर म्हनला, पानीच कमी हुतं.”

ते हसले. विजयश्रीला हसावं की रडावं कळेना. “मग उत्तर कशाला दिलं तुम्ही?”

समोरून एक ट्रक काट्यावर चढला, उतरला. “पयलं कुनी बोलायचं, ह्यातच दोगं बी म्हातारं झालो बघ पोरी. तू बोलून टाकलंस. आता दुसरं बोलायला मला काय जातंय?” मग गाडीकडं हनुवटी करून म्हणाले, “जा, चा प्यायला बोलीव त्याला.”

ती गाडीपाशी आली. काच चार बोटं खाली आली.

“सांगितलंस?”

“सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. चहाला बोलावलंय तुम्हाला.”

दादासाहेबांनी डोळे बारीक केले. “त्येनं बोलावलंय, का ह्ये बी तूच?”

खरंच बोलत होती ती, पण सकाळपासून तिच्या शब्दाला काही वजनच उरलं नव्हतं. शपथ घेतली असती तरी कुणी विश्वास का ठेवावा? तिचे डोळे भरून आले. आता नोकरी गेली, आणि हा माणूसही असाच माघारी जाणार.

तेवढ्यात मागून हाक आली, ट्रकच्या घरघरीवरूनही ऐकू येईल अशी.

“दाद्या! उतरतोस का मी येऊ तितं कान धराया?”

दादासाहेब दचकले. त्यांचा हात किल्लीवर गेला आणि इंजिन बंद झालं. गाडीत एकदम शांत झालं. त्यांनी विजयश्रीकडं पाहिलं.

“ह्ये मातुर त्येचंच,” ते म्हणाले आणि दार उघडायला लागले.