देवकाबाईचा बुधवार

मित्रांनो, निघायच्या आधी मला तीन किका लागतात. तिसरीला मी खोकते, निळसर धूर सोडते आणि मग कुठे चालू होते. हसू नका. तुमचे आजोबाही सकाळी असेच उठत असतील. मी सौंसरची एक जुनी मोटारसायकल आहे.

मी नवी होते तेव्हा माझा तोरा काही औरच होता. बोरगावचे बापूजी मास्तर मला घेऊन आले आणि पाळकसाहेबांनी माझ्या टाकीवर हात ठेवून प्रार्थना केली, "ही गाडी कोणाच्या तरी कामी पडो." मी कामी पडलेही. परीक्षेचे पेपर नेले, संत्र्यांची पोती नेली, अडलेल्या बायांना दवाखान्यात नेलं. दर शनिवारी बापूजी जुन्या बनियनने मला पुसत आणि साखळीला तेल घालत. पुढे ते देवाघरी गेले आणि मी त्यांच्या मुलाकडे, श्रीकांतकडे आले.

श्रीकांत मनाने वडिलांवरच गेला होता. प्रार्थनामंडळीतल्या तिघांना घेऊन त्याने ख्रिस्ती दुचाकी सेवा सुरू केली. गावोगाव जायचं, आजाऱ्याला भेटायचं, पडेल ती मदत करायची. पुढारी होता केतन. त्याची गाडी नवी, आवाज मोठा आणि पाठीवर पांढरा क्रूस असलेलं काळं जॅकेट. मे महिन्यात, सौंसरच्या उन्हात, काळं जॅकेट! त्याचं पाहून बाकीच्यांनीही तशीच घेतली. बिचारे चौघेही घामाने निथळत, पण काढत नसत.

केतनने प्रार्थनाघराच्या फळ्यावर लिहिलं, 'एका वर्षात शंभर गावं.' झालं, आम्ही सुटलो. गावात शिरायचं, चार घरं करायची, फोटो काढायचा आणि निघताना म्हणायचं, "प्रभूची इच्छा असली तर पुन्हा येऊ." फळ्यावर एक खूण वाढायची. मी रांगेत सगळ्यात मागे धापा टाकत असे. श्रीकांतला माझी लाज वाटू लागली. त्याने मला पुसणं सोडलं, माझी साखळी कोरडी पडली. खरं सांगते, वाईट वाटलं.

मोहगावला देवकाबाई भेटल्या. घरात एकट्या, अंगात साखर आणि पायाला जखम. दर बुधवारी सौंसरला पट्टी बदलायची, नाहीतर पाय वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. केतनच्या गाडीची मागची सीट तर त्यांच्या कमरेपेक्षा उंच. मग त्या माझ्याकडे वळल्या. माझी सीट बुटकी, रुंद, सपाट.

"हिच्यावर बसता येते बाई!" त्या म्हणाल्या. माझा ऊर भरून आला.

दोन बुधवार श्रीकांतने त्यांना नेलं. मग फळ्यावर शहाण्णव गावं झाली. उरलेली गावं पांढुर्ण्याकडची होती. श्रीकांतने फोनवर सांगितलं, "माय, प्रभूची इच्छा असली तर येतो." त्या बुधवारी गेलो नाही, पुढच्याही नाही. आम्ही जाम नदी ओलांडून सावरगावात शिरलो, शंभर पुरी झाली, टाळ्या वाजल्या. माझी मागची सीट रिकामीच होती.

श्रीकांत मोहगावला पोचला तेव्हा जखम काळी पडली होती. देवकाबाईंच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. दवाखान्यात तो खाटेपाशी खाली मान घालून उभा राहिला.

"माफ कर माय. यायची लय इच्छा होती, पण प्रभूची..."

"तुह्या प्रभूची इच्छा त असंनच न बाबू," त्या म्हणाल्या. "तुहीच नव्हती."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते त्याच्या जिव्हारी लागलं.

त्या रविवारी प्रार्थनाघरात श्रीकांतची बायको सुचिता उठून पुढे आली आणि तिने फळा पुसून टाकला. "तुम्ही चौघं. काम सोडून एकेकाले हप्त्यात एकच दिवस निघता येते. मंग चारच घरं घ्या. कोणाकडे, कोणत्या वारी, किती वाजता ते लिहा. आणि ज्याले जमलं नाही, त्याच्या बदल्यात कोण जाईन तेही लिहा."

"चारच?" केतन फुरंगटला. "लोक हासतीन ना वहिनी."

"हासू द्या. पण वाट पाहत तं कोणी बसणार नाही."

श्रीकांतने देवकाबाईंचा बुधवार घेतला. एका बुधवारी तो तापाने फणफणला. फळ्यावर बदलीत केतनचं नाव होतं. तो मला न्यायला आला. सहा किका मारल्या तेव्हा मी चालू झाले आणि वाटेत माझी कोरडी साखळी उतरली. माझा काय दोष? त्याने ती हाताने चढवली, कोपरापर्यंत काळा झाला. मोहगावला त्याने जॅकेट काढलं, घडी करून माझ्या सीटवर ठेवलं आणि देवकाबाईंना वर बसवलं. परत आल्यावर माझ्या साखळीला तेलही त्यानेच घातलं.

बुधवारामागून बुधवार गेले. एका सकाळी देवकाबाई काठी न घेता दारात उभ्या होत्या.

"माहा पाय बरा झाला," त्या श्रीकांतला म्हणाल्या. "आता माहा बुधवार शेजारच्या गुणवंताच्या मायले दे. तिले डोयाच्या दवाखान्यात न्या लागते."

श्रीकांतच्या तोंडी जुनं वाक्य येतं की काय, या धास्तीने माझी टाकीच थरथरली. पण त्याने एवढंच विचारलं, "किती वाजता येऊ?"

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना फार काही लागत नाही. आठवड्याला फडक्याचा हात आणि साखळीला थोडं तेल. तुम्हीही झेपेल तेवढंच कबूल करा. पण कबूल केलेल्या दिवशी किक मारा, मग सहा माराव्या लागल्या तरी चालेल.