डाव्या डोळ्याची भिंगं

मूर्ख मी, दुसरं काय! अठ्ठावीस वर्षं हातात सुई धरतेय, आणि शिंक येतेय म्हटल्यावर हात आधी मागे घ्यावा, एवढंही त्या दिवशी सुचलं नाही.

दादा डोंगरातून दगड फोडून आणायचा, आणि मी घरी टेबलाशी बसून सुईनं, ब्रशनं त्यातला दगड होऊन बसलेला ट्रायलोबाइट मोकळा करायची. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सरपटणारा प्राणी तो. वहिनी त्याला सरळ झुरळ म्हणते. दादाला फक्त वेगळ्या डोळ्यांचे लागायचे. डोक्यावर दोन मनोरे उभे केल्यासारखे डोळे, आणि त्यांत मोहरीहून बारीक भिंगं रांगेनं बसवलेली. भिंगंही खनिजाचीच, म्हणून टिकली. असे तीनशे बारा जमवले त्यानं. दगडाची धूळ खाऊन खाऊन फुप्फुसांची पार वाट लागली, तरी हौस काही फिटेना.

शेवटचा सापडला तो कुणी कधी पाहिलाच नव्हता. प्रत्येक मनोऱ्यावर छपरासारखी कड. नवीच जात! दादानं संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाईंना बोलावलं. "त्यांनी मान्य केलं ना, की सगळा संग्रह तिथं जाईल. मग मी मेलो तरी चालेल," म्हणाला. डॉक्टरांनी त्याला वर्षभराची मुदत दिली होती, त्यामुळे हे नुसतं बोलणं नव्हतं.

आणि मी शिंकले. सुई घसरली, डाव्या डोळ्याचा भुगा झाला. सांगायला हवं होतं. पण कोणत्या तोंडानं सांगू? पलीकडच्या खोलीत दादा खोकत होता. मी दगडाची पूड गोंदात कालवली आणि उजव्या डोळ्याकडे बघून बघून अकरा दिवसांत डावा घडवला. रांग न् रांग, भिंग न् भिंग. दादानं ओळखलं नाही. उलट म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई आल्या. चहाकडे न बघता मोजायला बसल्या. उजव्या डोळ्यात एकशे आठ भिंगं. डाव्यातही एकशे आठ. त्यांनी पुन्हा मोजलं. "उजव्यात चौथ्या रांगेत एक भिंग कमी आहे. डाव्यातही नेमकं तिथंच?" दोन्ही बाजू इतक्या कधी जुळत नाहीत. मला ठाऊक होतं हो हे! हजारो भिंगं मोजलीत मी. पण लपवायच्या नादात अक्कल गहाण ठेवली होती. बाईंनी बाटलीतला एक थेंब डाव्या डोळ्यावर टाकला, आणि गोंद मऊ पडला.

"कुणी केलं हे?"

दादा म्हणाला, "मी."

"मग बाकीच्यांवर तरी कसा भरवसा ठेवू?" बाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

दार लागल्यावर मी दादाचे पाय धरले. शिंकेपासून सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, एक ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "आणखी किती?"

"हा एकच रे दादा! आईशपथ, एकच."

"बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खुर्चीवर बसला होता. संग्रहाच्या कपाटाचा पहिला खण टेबलावर उपडा केलेला. एकेक घेऊन डावा डोळा वेगळा, उजवा वेगळा मोजत होता. पंधरा दिवसांनी हात इतका थरथरायला लागला की बघायचं मोठं भिंग धरता येईना. "दे इकडे, मी मोजून देते," मी म्हटलं. त्यानं भिंग दिलं नाही. वहिनीला हाक मारली.

आता वहिनी मोजते, मोठ्यानं. मध्येच गडबडते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ती सांगेल तो आकडा दादा लिहून घेतो. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत ऐकत असते. काल दोनशे चौदावा झाला. तिचा आकडा तीननं चुकला होता, खरा मला पाठ आहे. मी भाजी चिरत राहिले.